लोडर : उचलणे वेगळे, पेलणे वेगळे

वर्गात तरफेचा धडा शिकवताना आम्ही फळ्यावर एक आडवी रेघ काढतो, तिच्याखाली छोटा त्रिकोण काढतो आणि म्हणतो, "हा टेकू." मग एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला बल, दोन्हींची टेकूपासूनची अंतरे, आणि एक उदाहरण. विद्यार्थी उत्तर काढतात, आम्ही बरोबरची खूण करतो आणि धडा संपतो. हा धडा मी अनेक वर्षे शिकवत आलो आहे. पण तो मला पूर्ण कळला तो एका गणपतीच्या सुट्टीत, तासगाव तालुक्यातल्या माझ्या थोरल्या मामेभावाच्या द्राक्षबागेत, एका छोट्या ट्रॅक्टरच्या आसनावर.

द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाता यावे म्हणून बागायतदार अरुंद, हलका ट्रॅक्टर घेतात. त्याला सगळे 'मिनी ट्रॅक्टर' म्हणतात. अण्णांनी आपल्या ट्रॅक्टरला पुढच्या बाजूने लोडर बसवून घेतला होता. लोडर म्हणजे दोन लोखंडी बाहू आणि त्यांच्या टोकाला एक रुंद बकेट. ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागेत शेणखत घालायचे असते. पूर्वी चार माणसे घमेल्यांनी दिवसभर ट्रॉली भरत. आता एकटा माणूस बसल्या जागेवरून तेच काम करतो. "मलाही शिकवा," मी म्हणालो. अण्णा हसले. "बस की. तू तर पदार्थविज्ञानाचा मास्तर. तुला काय अवघड?"

अवघड काय होते ते दुपारी कळले. त्याआधी हे यंत्र उचलते कसे ते पाहू.

तेलाचा जोर

लोडरच्या प्रत्येक बाहूखाली एक चकचकीत दांडा आत-बाहेर सरकताना दिसतो. गावातले मिस्त्री त्याला 'जॅक' म्हणतात. तो खरे तर एक सिलिंडर असून त्यात दट्ट्या बसवलेला असतो. इंजिनावर चालणारा पंप या सिलिंडरमध्ये दाबाखाली तेल ढकलतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम तुम्ही शिकला आहात. याच नियमावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली द्रवचालित दाबयंत्राचे पेटंट घेतले. लोडरचा जॅक हा त्याच यंत्राचा वंशज.

आता थोडे आकडे मांडू. हे आकडे एका विशिष्ट कंपनीच्या यंत्राचे नाहीत. अशा आकाराच्या यंत्रात साधारणपणे असतात तसे, हिशेबाला सोपे असे घेतले आहेत. बलाचे शास्त्रीय एकक न्यूटन हे आहे, परंतु येथे सोयीसाठी आपण सगळीकडे किलोग्रॅम-भार वापरू आणि त्याला नुसते 'किलो' म्हणू.

समजा, तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो आहे आणि दट्ट्याचा व्यास ४ सें.मी. आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौ. सें.मी. होईल. म्हणजे एका जॅकचे बल १२.५ × १५० = १८७५ किलो आणि दोन्ही जॅकचे मिळून ३७५० किलो! मनगटाएवढ्या दोन नळकांड्यांमध्ये पावणेचार टनांचा जोर.

मग हा लोडर पावणेचार टन उचलतो का? मुळीच नाही. आपला उजवा हात कोपरात वाकवून पाहा. दंडाचा स्नायू कोपराच्या अगदी जवळ, पुढच्या हाडाला जोडलेला असतो. ओझे मात्र लांब, तळहातावर असते. लोडरचेही तसेच. बाहूच्या खिळीपासून जॅकच्या बलाचे लंबांतर सुमारे २० सें.मी., तर बकेटमधल्या मालाचे अंतर १६० सें.मी., म्हणजे आठपट. त्यामुळे टोकाशी मिळणारे बल ३७५० ÷ ८, म्हणजे सुमारे ४७० किलो. त्यातून बाहूंचे आणि बकेटचे स्वतःचे वजन वजा केले, की साडेतीनशे किलोंच्या आसपास माल उचलता येतो.

बल घालवून मग मिळवले काय? अंतर आणि वेग. जॅक ३० सें.मी. सरकला की बकेट दोन मीटरांहून अधिक वर जाते. दोन्ही जॅक मिळून त्यासाठी लागते फक्त पाऊण लिटर तेल. पंप मिनिटाला १५ लिटर तेल देत असेल, तर हे काम ३ सेकंदांत होते. निसर्गाने हातासाठी केलेला सौदाच येथे माणसाने लोखंडात केला आहे.

या तेलवाहिनीत एक सुरक्षा-झडप असते. न झेपणारे ओझे घेतले आणि दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की ती झडप उघडते व तेल टाकीत परत जाते. बकेट जागची हलत नाही, पण काही मोडतही नाही. ही झडप ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

सकाळचा पाठ

अण्णांनी मला आधी रिकाम्या बकेटने, सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये फिरवले. उजव्या हाताशी एकच दांडा. मागे ओढला की बाहू वर. पुढे ढकलला की खाली. डावीकडे केला की बकेटचे तोंड वर वळून माल आत राहतो. उजवीकडे केला की माल सांडतो. दांडा आणखी पुढे रेटला, की जॅकच्या दोन्ही बाजूंचे तेल मोकळे होते आणि बकेट जमिनीच्या उंचसखलपणाबरोबर आपोआप वर-खाली होते. याला 'फ्लोट' म्हणतात. उकरलेली जमीन सारखी करताना त्याचा उपयोग होतो.

नवशिक्याचा पहिला दोष म्हणजे धसमुसळेपणा. मी दांडा झटक्याने ओढायचो, बकेट उसळायची आणि सोडला की दचकून थांबायची. सगळा ट्रॅक्टर पुढे-मागे डोलायचा. "दांडा दुधाच्या किटलीसारखा धर," अण्णा म्हणाले. कारण उघड आहे. खाली येणारे वजन एकदम थांबवायचे तर त्याला मोठे विरुद्ध त्वरण द्यावे लागते, आणि तेवढ्या क्षणापुरते ते ट्रॅक्टरला आपल्या खऱ्या वजनापेक्षा कितीतरी जड भासते.

दुसरा दोष, ढिगात घुसण्याचा. मला वाटे, जोरात धडकले की बकेट भरेल. ढिगावर धडकून काही भरत नाही. बकेट जमिनीला समांतर ठेवून सावकाश आत जायचे, मग तोंड थोडे थोडे वर वळवत बाहू किंचित उचलायचे. आणि एक गोष्ट : बाहू वर जाताना ते खिळीभोवती फिरतात, म्हणून बकेटही त्यांच्याबरोबर मागे कलत जाते. वर नेताना तिचे तोंड पुन्हा पुन्हा समपातळीत आणले नाही, तर माल मागे ओघळून चालकाच्या अंगावर येऊ शकतो.

अकरा वाजेपर्यंत मी शेणखताच्या दोन ट्रॉल्या भरल्या. मला वाटू लागले, जमले!

दुपारची गोष्ट

पावसाने बागेकडे जाणारी वाट वाहून गेली होती. जेवणानंतर तिच्यावर मुरूम टाकायचे ठरले. मधल्या वेळात अण्णांच्या गड्याने ट्रॅक्टरच्या मागचा रोटाव्हेटर सोडवून धुवायला नेला होता. माझ्या ते लक्षात आले, पण त्यात लक्ष देण्यासारखे काही वाटले नाही. उलट ट्रॅक्टर हलका झाला, वळवायला बरा, असे वाटले.

मी मुरमाची बकेट भरली. जॅकने ती कुरकुर न करता उचलली. बाहू आडवे होतील इतकी वर घेतली आणि तशीच घेऊन ट्रॉलीकडे निघालो. वाटेत मागचे डावे चाक एका दगडावर चढले. दगड फार मोठा नव्हता, बारा सें.मी. असेल. चाक दगडावर चढले, दगड मागे गेला, पण चाक काही खाली आले नाही. ते हवेत तसेच राहिले आणि मी उजवीकडे कलू लागलो. पुढच्या बाजूला कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. "मास्तर, बकेट खाली! हळू, पण खाली!" अण्णा ओरडले. मी क्लच दाबला आणि दांडा पुढे केला. बकेट जमिनीला टेकली, चाक धप्पकन खाली आले. माझे हात पुढची काही मिनिटे थरथरत होते.

अण्णा जवळ येऊन शांतपणे म्हणाले, "ट्रॅक्टर उचलतोय म्हणजे पेलतोयच असं न्हाई."

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. तो हिशेब तुमच्यापुढे मांडतो. दहावीच्या गणिताबाहेरचे त्यात काही नाही.

हिशेब पहिला : पुढे-मागे

पुढच्या चाकांचा आस हा टेकू समजा. त्याच्या मागे ट्रॅक्टरचे वजन, पुढे लोडर आणि माल. बल गुणिले टेकूपासूनचे लंबांतर म्हणजे त्या बलाचे परिबल.

ट्रॅक्टर चालकासह ८०० किलो, त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या मागे ०.९ मीटर : परिबल ७२०.
लोडरचे स्वतःचे वजन २०० किलो, पुढे ०.४ मीटर : परिबल ८०.
मुरूम ३०० किलो, बाहू आडवे असताना पुढे १.२ मीटर : परिबल ३६०.

शिल्लक राहिले ७२० − ८० − ३६० = २८०. दोन आसांमधील अंतर १.५ मीटर आहे. म्हणून मागच्या चाकांवरचा भार २८० ÷ १.५, म्हणजे सुमारे १८७ किलो. एकूण वजन १३०० किलो, आणि त्यातले १८७ किलोच मागे. उरलेले अकराशेहून अधिक सगळे पुढच्या लहान चाकांवर!

सकाळी काय होते? बकेट तीच, २०० लिटरांची. पण सैल मुरूम घनमीटरला सुमारे १५०० किलो भरतो, शेणखत ६०० किलोंच्या आसपास. म्हणजे सकाळी बकेटमध्ये फक्त १२० किलो होते. बकेट आकारमान मोजते, वजन मोजत नाही. शिवाय मागे २०० किलोंचा रोटाव्हेटर होता, पुढच्या आसापासून २.३ मीटरांवर. त्याचे परिबल ४६०. आता पुन्हा मांडा : ७२० + ४६० − ८० − १४४ = ९५६, आणि मागच्या चाकांवरचा भार ६३७ किलो. सकाळी ६३७, दुपारी १८७. मी मात्र तोच होतो आणि माझा आत्मविश्वास वाढलेला होता.

येथे एक गंमत पाहा. मागे २०० किलो वजन जोडल्यावर पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. रोटाव्हेटर मागच्या आसाच्याही मागे ०.८ मीटर असल्याने तो ट्रॅक्टरला मागच्या आसाभोवती तरफेसारखा उचलून धरतो, आणि पुढच्या आसावरचे २०० × ०.८ ÷ १.५, म्हणजे सुमारे १०७ किलो उतरतात. वजन वाढवून भार कमी! मागच्या टायरांत पाणी भरले तर मागची पकड वाढते, पण ते वजन मागच्या आसावरच असल्यामुळे पुढचा भार तसाच राहतो.

मागच्या भाराला एवढे महत्त्व का? कारण ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागच्याच चाकांना असतात. घर्षण चाकावरच्या भाराच्या प्रमाणात असते. मागचा भार घटला की ब्रेक दाबूनही चाके नुसती घसरतात. चारही चाकांना ओढ जोडलेली असेल तर पुढच्या चाकांचीही मदत होते.

हिशेब दुसरा : तीन पायांचा ट्रॅक्टर

पण मी पुढे कोसळलो नव्हतो, बाजूला कललो होतो. ते का?

ट्रॅक्टरला चाके चार असली तरी तो तीन ठिकाणी उभा असतो. पुढचा आस मध्यभागी एका जाड खिळीवर तोललेला असतो. मिस्त्री तिला 'सेंटर पिन' म्हणतात. त्यामुळे खड्डा आला तर आस झोपाळ्यासारखा कलतो आणि चारही चाके जमिनीला टेकून राहतात. सोय मोठी, पण तिची किंमत अशी की बाजूला कलंडण्याला पुढची चाके सुरुवातीला अडवतच नाहीत. ट्रॅक्टरचा खरा आधार म्हणजे दोन मागची चाके आणि पुढची सेंटर पिन यांचा त्रिकोण. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा या त्रिकोणात पडते तोवरच ट्रॅक्टर स्थिर.

आता बकेटमध्ये माल भरा. गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातो. मागच्या चाकांमधील अंतर ११० सें.मी. धरा. लोडर नसताना गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या ९० सें.मी. मागे, तेथे त्रिकोणाची निम्मी रुंदी ३३ सें.मी. माझ्या मुरमाच्या वेळी तो होता २८० ÷ १३०० = ०.२१५ मीटर, म्हणजे साडेएकवीस सें.मी. मागे, तेथे निम्मी रुंदी फक्त ८ सें.मी. चालत्या यंत्रावर, मुरमाच्या वाटेवर, मी आठ सेंटिमीटरांच्या भरवशावर बसलो होतो!

यात उंचीही मिळवा. बकेट वर असल्याने एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ८५ सें.मी.वर गेला होता. ८ भागिले ८५ म्हणजे पाच अंशांच्या कलानेच तोल जाणार. आणि १२ सें.मी. दगडावर चढलेले चाक ट्रॅक्टरला किती कलवते? १२ भागिले ११०, म्हणजे सहा अंशांहून थोडे अधिक. माझे चाक हवेत का राहिले याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मग मी वाचलो कसा? पुढचा आस ठरावीक कोनापर्यंतच झोके घेतो. त्यापुढे तो अडणीवर आदळतो आणि मग मात्र पुढचे चाकही आधार देते. मी ऐकलेला आवाज त्या अडणीचा. वेग थोडा जास्त असता, तर तो आधारही पुरला नसता.

तोच मुरूम बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवून नेला असता तर? बाहू खाली उतरते असल्याने माल आसाच्या अधिक जवळ, ८३ सें.मी.वर आला असता. निम्मी रुंदी ११ सें.मी. आणि गुरुत्वमध्याची उंची सुमारे ६० सें.मी. म्हणजे दहा अंशांपर्यंत निभावले असते. मागे रोटाव्हेटरही असता, तर निम्मी रुंदी २१ सें.मी. आणि कल एकोणीस अंशांचा. माल तोच, यंत्र तेच, चालकही तोच. पण पाचाचे एकोणीस झाले.

वेगाचेही ऐका. ताशी ८ कि.मी. वेगाने ३ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर बाहेर फेकणाऱ्या परिणामाने ट्रॅक्टर जणू साडेनऊ अंश कललेल्या जमिनीवर असल्यासारखा होतो. वेग निम्मा केला तर परिणाम निम्मा नव्हे, चौथाई होतो, म्हणजे सुमारे अडीच अंश. वेगाचा वर्ग हा कागदावर निरुपद्रवी दिसणारा '२' असा वागतो.

चालकाचे नियम, आपली कारणे

अण्णांनी दुसऱ्या दिवशी मला पुन्हा बसवले. त्यांचे नियम सोपे आहेत. मागे वजन जोडल्याशिवाय लोडर भरायचा नाही. भरलेली बकेट जमिनीलगत न्यायची, ट्रॉलीशी पोचल्यावरच, थांबून उचलायची. वळणावर सावकाश. चढावर भरलेल्या बकेटने सरळ चढायचे, उतरताना मागे मागे उतरायचे, म्हणजे ओझे नेहमी चढाच्या बाजूला राहते. उतारावर आडवे कधीच जायचे नाही. उचललेल्या बकेटखाली कोणी उभे राहायचे नाही. काम संपले की बकेट जमिनीवर टेकवूनच इंजिन बंद करायचे. तेलाची नळी गळते आहे असे वाटले तर हात फिरवून पाहायचे नाही, पुठ्ठा धरून पाहायचे. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि तशी जखम झाली तर लगेच दवाखाना गाठावा लागतो. यातल्या प्रत्येक नियमाचे कारण तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे.

एक गोष्ट यंत्र बनवणाऱ्यांकडूनही व्हायला हवी. ट्रॅक्टर उलटला तरी चालक चिरडू नये म्हणून आसनामागे भक्कम लोखंडी चौकट बसवतात. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक व्यवस्था सक्तीची केली आणि तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे फार कमी झाले. चौकटीबरोबर आसनाचा पट्टाही बांधावा लागतो, नाहीतर चालक चौकटीबाहेर फेकला जातो. आपल्याकडे अनेक ट्रॅक्टरांवर ही चौकट दिसत नाही. तुमच्या घरच्या ट्रॅक्टरवर आहे का, आज पाहा.

सुरक्षा-झडपेची आठवण ठेवायला सांगितली होती. तेलाचा दाब वाढला तर ती उघडते. म्हणजे जॅकला न झेपणारे ओझे यंत्र स्वतःच नाकारते. पण तोल जाऊ लागला तर उघडणारी झडप या साध्या यंत्रावर नव्हती. ती चालकाच्या डोक्यात असावी लागते.

करून पाहा

१. सुया काढलेल्या दोन सिरिंजा घ्या, एक २ मि.लि.ची, एक २० मि.लि.ची. पाण्याने भरून बारीक रबरी नळीने जोडा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन मित्रांनी दोन्हींचे दट्टे दाबावेत. कोण जिंकतो? कोणाचा दट्ट्या जास्त सरकतो? नळीत हवा राहिली तर काय फरक पडतो?

२. जाड पुठ्ठ्याचा लांबट समद्विभुज त्रिकोण कापा. तीन कोपऱ्यांखाली रिकाम्या रिळांचे पाय चिकटवा. वर मध्यरेषेवर चिकणमातीचा गोळा ठेवून एका बाजूने वह्या सरकवून कल वाढवत न्या. किती वह्यांवर तो कलंडतो? आता गोळा मध्यरेषेवरूनच निमुळत्या टोकाकडे सरकवून, आणि मग काड्यापेटीवर उंच ठेवून पुन्हा पाहा.

३. वर दिलेल्या आकड्यांवरून काढा : मागे काहीही न जोडता, बाहू आडवे असताना किती किलो माल घेतला तर मागची चाके नुसती उचलली जातील? (उत्तर सुमारे ५३३ किलो यावे.) मग ३०० किलोंवरच माझी ही गत का झाली, ते आपल्या शब्दांत लिहा. हे लिहिता आले, तर तरफेचा धडा तुम्हाला कळला असे मी समजेन.